सहीजवळचा कोपरा

माझी भाची घरसजावटीचं शिकून आली आणि तिनं मला सांगितलं, की घराला कुठला रंग द्यायचा हे घरातलं चित्र सांगतं. मी तेहतीस वर्षं भिंती रंगवतोय. एवढ्या वर्षांत माझ्याशी घरमालक बोलले, त्यांच्या बायका बोलल्या, एका घरात तर पोपटसुद्धा बोलला, पण चित्र काही बोललं नव्हतं. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मामा, तू कधी ऐकूनच घेतलं नसशील."

ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, त्यामुळे ही जीभ कुठून आली ते विचारायला नको.

तिची पद्धत सोपी होती. घरातल्या माणसाचं एक आवडतं चित्र घ्यायचं. भारी असलं पाहिजे असं काही नाही, कॅलेंडरवरचंही चालेल, फक्त मनापासून आवडतं हवं. मग बघायचं, की त्यात कुठला रंग सगळ्यात जास्त आहे. तो भिंतींना. त्याच्या खालोखाल जो असेल तो पडद्यांना. आणि जो सगळ्यात कमी, अगदी चिमूटभर, तो संपूर्ण घरात फक्त एकाच जागी. "एकाच म्हणजे एकाच," ती बोट नाचवत म्हणायची. "दुसरीकडे दिसला तर मी खरवडून काढीन."

मी नाक मुरडलं, पण खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. लोक शेड कार्डातल्या दोनशे चौकोनांपुढे बसून घामाघूम होतात आणि शेवटी शेजाऱ्यांकडे आहे तोच रंग द्या म्हणतात. त्यापेक्षा चित्र बरं.

तिचं पहिलं काम लागलं ते माझ्याच ओळखीनं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, आयुष्यभर गणित शिकवलेलं. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, एकट्याच राहायच्या. पण आता त्यांची मोठी बहीण त्यांच्याकडे कायमची राहायला येणार होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी. तोवर घर व्हायला हवं होतं.

भाची तेव्हा टाइल्सच्या दुकानात काउंटरवर होती. या कामासाठी तिनं महिनाभराची रजा घेतली. मालक म्हणाला, "रजा संपली की सोमवारी ये, नाहीतर दुसरी मुलगी बघतो." माझी बहीण म्हणाली, "हे एक काम धड झालं तर पुढचं बोलू. नाहीतर सोमवारी गुपचूप दुकानात जायचं." आणि बहीण एकदा बोलली की तिथे कोर्टाचंही काही चालत नाही. पोरीची रात्रीची झोप उडाली होती. तिचं तोंड मात्र दिवसभर चालू असायचं, त्यामुळे कुणाला कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. शेगडीच्या वरच्या भिंतीवर एक तैलचित्र लटकत होतं, उशीएवढं. एक तळं, काठाला झाडं, एक होडी आणि वर भरपूर आकाश. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सही होती, नुसतं 'मोठी' एवढंच.

"माझ्या बहिणीनं काढलंय," बाई म्हणाल्या. "मी हे घर घेतलं तेव्हा दिलं. तेव्हा भिंतीत एकच खिळा होता आणि तो इथे होता, म्हणून इथे लागलं. तीस वर्षं झाली."

"ह्यावरूनच घर करू," भाची म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तुमच्या ताईंना तुम्ही काय सांगाल माहितीये? तुझ्या चित्रात राहायला ये."

बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावून तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

चित्रातलं आकाश मातकट पिवळं होतं. उकळून उकळून जास्त झालेल्या चहात दूध घातल्यावर येतो तसा रंग. झाडं शेवाळी. होडी विटकरी. भाचीनं वहीत लिहून घेतलं, भिंती, पडदे, एक खुर्ची. मग ती मला म्हणाली, "मामा, आता तू फक्त जुळवून दे. बाकीचं मी बघते."

हे 'फक्त' मला कुठे लागलं ते मी सांगत नाही, पण लागलं.

मी चित्र उतरवलं. मागे भिंतीवर चित्राएवढा लख्ख पांढरा चौकोन होता आणि त्याच्या भोवती सगळी भिंत चहाच्या रंगाची. आता रंगाऱ्याला हे नवीन नाही. कुठल्याही स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवा, मागे भिंतीचा मूळ रंग भेटतो. धूर, वाफ, तेल भिंतीवर बसत राहतं, रोज केसाएवढं, आणि घरात राहणाऱ्याला काही कळत नाही. पण मग जे भिंतीवर बसलं ते चित्रावरही बसलं असणार, कारण शेगडीला भिंत कुठली आणि चित्र कुठलं हे समजत नाही. मी चित्र तिरपं करून पाहिलं. जुनी चौकट एका बाजूला सैल झाली होती आणि तिच्या खालून निळा रंग दिसत होता. दोऱ्याएवढा बारीक, पण निळा.

म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते आकाश पिवळं नव्हतंच. आम्ही घराला तीस वर्षांच्या काजळीचा रंग द्यायला निघालो होतो.

आणि मी मूग गिळून गप्प बसलो. मनात म्हटलं, मला फक्त जुळवायला सांगितलंय ना, मग जुळवतो. शिकून आलीय, तिला दिसेलच. नाही दिसलं तर विचारेल. मामा, तुला काय वाटतं, असं एकदा तरी विचारेल. ती विचारायची वाट बघत मी तो रंग जुळवायला बसलो, आणि काय जुळवला म्हणून सांगू. ओला रंग खोटं बोलतो, वाळल्यावर खरं कळतं, म्हणून कागदाच्या पट्ट्यांवर लावायचा, वाळवायचा, चित्राशेजारी धरायचा, थेंबभर काळा घालायचा, पुन्हा लावायचा. अठरावी पट्टी चित्राशेजारी धरली तर चित्र कुठे संपतं आणि पट्टी कुठे सुरू होते ते बाईंना सांगता येईना. "कमाल आहे हो तुमच्या हाताची," त्या म्हणाल्या. मी नम्रपणे खाली बघितलं.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधली बोळकंडी, सगळं त्या रंगात रंगलं. प्रत्येक भिंतीला दोन दोन हात. शेवाळी पडदे लागले. दिसायला वाईट दिसत नव्हतं, ऊबदार होतं, जरा दमलेलं. खुर्ची तेवढी राहिली, कारण गाद्यावाला उद्या देतो म्हणाला होता आणि त्याचा उद्या कधीच येत नाही.

मग भाचीनं ठरवलं, की चित्र आता बाहेरच्या खोलीत लागणार तर त्याला नवी, बारीक चौकट हवी. तिनं ते फ्रेमवाल्याकडे दिलं. फ्रेमवाला माझा जुना दोस्त. गुरुवारी दुपारी तो स्वतः चित्र घेऊन जिने चढून आला, खूश होऊन.

"तुम्ही सांगितलं नव्हतं, पण मी जरा पुसून घेतलं," तो म्हणाला. "कापसाचा बोळा आणि थुंकी. तोंड वाकडं करू नकोस पोरी, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तीन दिवस पुसत होतो, जीभ कोरडी पडली."

त्यानं कागद सोडला. पांढुरकं, पहाटेचं निळं आकाश. तळं निळं. झाडं हिरवी, फक्त त्यांच्या सावलीत थोडा शेवाळी उरलेला. होडी लालभडक. चित्र भिंतीवर लागलं आणि आमची अख्खी खोली एकदम न धुतलेल्या पातेल्यासारखी दिसायला लागली.

फ्रेमवाला शहाणा. त्यानं भिंतींकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे, आणि दुकान उघडं टाकून आलोय असं सांगून तो गेला.

भाची फरशीवर बसली. तिनं वही बंद करून बाजूला सारली. मग म्हणाली, "मला रंगातलं काही कळत नाही, मामा. घाण आणि रंग ह्यातला फरक कळला नाही मला. सोमवारी जाते दुकानात. टाइल्स बऱ्या, त्यांचा नंबर मागे छापलेला असतो."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एकदा मी एका लग्नघराच्या दाराला चुकीचा रंग दिला होता, तेव्हाही नाही. आता बोललो तर माझी शोभा होणार होती आणि गप्प राहिलो तर पोर जन्मभर स्वतःला कमी समजणार होती. चित्र टांगायला चढलो होतो त्या लाकडी घोड्यावरून मी खाली उतरलो. उंचावर बसून असलं काही सांगता येत नाही.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय दिसलं होतं?"

"निळं. चौकटीखाली. आणि भिंतीवरचा पांढरा चौकोन, तोही."

"कधी?"

"पहिल्या दिवशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि बोलला नाहीस."

"तू म्हणालीस, फक्त जुळवून दे."

"तू जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीस. आजीचं नाही, आईचं नाही, डॉक्टरचं नाही. आणि नेमकं माझं ऐकलंस?"

मी खरं तेच सांगितलं, की मला राग आला होता, की तू विचारशील म्हणून मी थांबलो होतो, की माझं चुकलं. ती रडेल असं वाटलं होतं. पण ती बहिणीची मुलगी. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पिवळ्यावर हा फिकट रंग बसायला किती हात लागतील?"

"तीन. आधी एक प्रायमरचा."

"किती दिवस?"

"एकट्याला पाच."

"आणि मी रोलर घेतला तर?"

तेवढ्यात दार वाजलं आणि बाई आल्या. हातात पिशव्या. चित्राकडे लक्ष गेल्यावर त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे निळं होतं," त्या हळू म्हणाल्या. "मीच तिला म्हणाले होते, आकाश फार पांढरं केलंयस. रोज बघत होते मी हे. रोज. मला ते बदललेलं कधी दिसलंच नाही."

भाची उठून उभी राहिली. "बाई, माझी चूक झाली. रंग बघण्याआधी चित्र पुसून बघायला हवं होतं. रविवारपर्यंत आम्ही भिंती बदलून देतो."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. मामाचं नाव तिनं घेतलं नाही. ते मला फार लागलं, पण या वेळी वेगळ्या जागी.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे ह्या रंगाची. बरा वाटतो मला."

"तुम्ही ताईंना सांगितलंय, तुझ्या चित्रात राहायला ये. हे त्यांचं चित्र नाही."

भाची चित्राजवळ गेली, नाक लावून बघायला लागली. मग तिनं मला हाक मारली. "मामा, इकडे ये. हे काय?"

खालच्या उजव्या कोपऱ्यात, सहीच्या भोवती, काड्यापेटीएवढी जागा अजून पिवळी होती. अगदी माझ्या अठराव्या पट्टीसारखी. फ्रेमवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सहीला मी हात लावत नाही. एकदा एकाची पुसली गेली होती, तो अजून भांडतोय."

भाचीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा हसली. "सगळ्यात कमी रंग कुठला आता?"

"होडीचा," मी म्हणालो.

"नीट बघ."

मी नीट बघितलं. होडी त्या डागाहून मोठी होती.

"सगळ्यात कमी तो फक्त एकाच जागी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातली शेगडीवरची भिंत राहील तशीच. बाकी सगळं घर आकाश."

त्यानंतरचे अडीच दिवस मी ज्या वेगानं रोलर चालवला, तसा तरुणपणीही चालवला नव्हता. भाची खालचा भाग करायची, मी वरचा. तिच्या केसांत आकाश, माझ्या भुवयांवर आकाश, बाईंच्या चहाच्या कपात एकदा आकाशाचा थेंब पडला, तो त्यांनी चमच्यानं काढून चहा पिऊन टाकला. शेवाळी पडदे सावलीच्या जोरावर वाचले. गाद्यावाल्याला फोन करून सांगितलं, विटकरी नको, लाल कापड लाव. तो म्हणाला बरं झालं, अजून सुरुवातच केली नव्हती. त्याचा आळस पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला, आणि आश्चर्य म्हणजे खुर्ची शनिवारी आली.

दर भिंतीमागे भाची मला विचारत होती, "हा बरोबर वाटतोय?" मी सांगत होतो. दोनदा नाही म्हणालो. दोन्ही वेळा तिनं वाद घातला आणि दोन्ही वेळा मग ऐकलं. एकदा तिचंच बरोबर होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मी कबूल केलं. एकदा सुरुवात झाली की माणसाला कबूल करायचीही सवय लागते.

रविवारी सकाळी मोठी बहीण आली. बाईंपेक्षा वीतभर उंच आणि आवाज त्याहून मोठा. बॅग दारातच ठेवून ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. चित्राकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, लाल खुर्चीकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं. भाचीनं माझी बाही घट्ट धरली होती, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तशी.

"तू तेव्हा म्हणायचीस ते खरं होतं," मोठी बाईंना म्हणाली. "आकाश जरा पांढरंच झालंय."

"आता सगळं घर तसंच आहे," बाई म्हणाल्या. "बोलू नकोस."

मोठी हसली आणि खुर्चीत जाऊन बसली, जणू रोज तिथेच बसत होती. बाहीवरची पकड जरा सैल झाली.

मग घर दाखवणं झालं. स्वयंपाकघरात आल्यावर मोठी थबकली. "ही भिंत रंगवायची राहिली वाटतं. काय हो, कंटाळलात का?"

हे मला उद्देशून होतं. मी काही म्हणणार, तर बाईंनीच तिला मनगटाला धरून परत चित्रापाशी नेलं. खाली वाकून कोपरा दाखवला.

"ही सही तुझी," बाई म्हणाल्या. "आणि तिच्यावरचा हा रंग माझा. तीस वर्षं रोज दोन वेळा रांधून लावलाय. आधी सगळ्या चित्रावर होता, तो ह्यांनी पुसला. एवढाच राहिलाय. म्हणून ती एक भिंत ठेवलीय."

मोठीनं कोपऱ्याला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. तीस वर्षं एकटीनं रांधलेलं जेवण तिला त्या बोटावर सापडलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मी आधीच यायला हवं होतं," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून माझ्याकडे वळली. "एक बारीक ब्रश द्या हो. आणि तो भिंतीचा रंग, थोडा."

मी दिला. तिनं तो बाईंच्या हातात ठेवला आणि त्यांना शेगडीवरच्या भिंतीसमोर उभं केलं.

"सही कर," ती म्हणाली. "ज्यानं काम केलं त्यानं सही करायची असते."

माझ्या भिंतीवर कुणी पेन्सिलीची रेघ ओढली तरी माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी मी श्वास रोखून बघत होतो. आयुष्यभर फळ्यावर आकडे लिहिलेल्या हातानं बाईंनी उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, आकाशाच्या रंगात लिहिलं, 'धाकटी'. वेलांटी जरा थरथरली. ती नीट करून देऊ का असं मी विचारलं नाही.

सोमवारी भाचीनं टाइल्सच्या दुकानात फोन करून दुसरी मुलगी बघा म्हणून सांगितलं. तिच्या आईला सांगायचं काम तिनं माझ्यावर टाकलं, ते मी पार पाडलं आणि त्यातून मी जिवंत आहे.

परवा आम्ही नव्या घरी गेलो. नवराबायको, दिवाणखान्यात एक जुनं फुलांचं चित्र, पिवळसर. भाचीनं वही उघडली, पेन काढलं, पण काहीच लिहिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"मामा," ती म्हणाली, "तुला काय दिसतंय?"

मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं त्याची चौकट सैल करायला घेतली.